फरसबंदीखालची कमळं

खूप जुन्या काळची गोष्ट. इतक्या जुन्या काळची, की तेव्हा डोंगरांनासुद्धा अजून नावं पडायची होती. त्या बर्फाळ डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. राज्य कसलं, एक गाव, चार वाड्या आणि एक राजा. राजाला सगळ्या प्रजेची नावं पाठ होती, आणि कोणाची गाय व्यायली की राजा स्वतः खरवस खायला जाई.

तिथली थंडी मात्र मोठ्या राज्याला शोभेल अशी होती. पाच महिने बर्फ. झऱ्याचं पाणी वाहता वाहता गोठायचं आणि काचेच्या झुंबरासारखं कड्यावर लटकून राहायचं. मग एके दिवशी ऊन तापायचं, झुंबर तडकायचं आणि पाणी खळखळत सुटायचं. त्या दिवशी गावाचा सण असे. त्याचं नाव पाणमोकळी. गावच्या चौकात ढोल वाजायचा, आणि पाच महिने घरात कोंडलेली माणसं हात धरून फेर धरायची.

त्या चौकाची आणि चौकात येणाऱ्या वाटेची फरसबंदी खेमाजी पाथरवटाची. खेमाजीसारखा कारागीर त्या डोंगरांत दुसरा नव्हता. चार माणसांनी उचलाव्यात अशा फरश्या तो घडवी आणि प्रत्येकीवर एक कमळ कोरी. कमळ असं, की पावसाचं पाणी साचलं तर लोकांना वाटे, आता पाकळी हलेल.

पण दर हिवाळ्यात जमीन फुगायची, आणि बर्फ वितळलं की फरश्या म्हाताऱ्याच्या दातांसारख्या वरखाली झालेल्या असायच्या. खेमाजी दर वर्षी त्या काढायचा, माती सारखी करायचा आणि पुन्हा बसवायचा. लोक म्हणायचे, "चालायचंच. थंडीपुढे कोणाचं चाललंय?" खेमाजीही तेच म्हणायचा.

एका वर्षी मात्र तसं म्हणता येईना.

गावचा ढोलकरी होता दौलतनाना. दोन्ही डोळ्यांनी आंधळा. त्याच्या घरापासून चौकापर्यंत एकशे चाळीस पावलं. ती वाट त्याच्या तळपायांना तोंडपाठ होती, काठीसुद्धा लागत नसे. त्या वर्षी पाणमोकळीच्या सकाळी तो ढोल गळ्यात अडकवून निघाला, आणि साठाव्या पावलावर एका उचललेल्या फरशीला अडखळून पालथा पडला. ढोल वाचला. उजवं मनगट मोडलं.

खेमाजी धावत गेला. त्यानं नानाला धरून बसतं केलं. दौलतनाना हसून म्हणाला, "अरे, दगड माझ्या ओळखीचाच होता. यंदा त्यानं मान वर केली, एवढंच."

नाना हसला खरा, पण त्या वर्षी चौकात ढोल वाजला नाही. माणसं जमली, थोडा वेळ उभी राहिली आणि घरी गेली. वैद्यानं मनगट बांधलं आणि बजावलं, "हाड जुळेल. पण पुन्हा पडलात तर जुळायचं नाही." तेव्हापासून नाना अंगणाबाहेर पडेना.

खेमाजी ताट अर्धं ठेवून उठू लागला. त्याची बायको सगुणा म्हणाली, "तुम्ही थोडंच ढकललंत त्यांना?"

"फरशी माझी होती," खेमाजी म्हणाला.

त्यानं ठरवलं, आता असे दगड बसवायचे की जमिनीच्या बापालाही उचलता येऊ नयेत. सगळा उन्हाळा त्याच्या टाकीचा आवाज डोंगरात घुमत राहिला. चाराच्या जागी आठ माणसांना न पेलणाऱ्या फरश्या त्यानं घडवल्या. दीड वीत जाड, आणि प्रत्येकीवर पहिल्याहून सुंदर कमळ. चौकभर त्या बसवून झाल्यावर तो वर उभा राहिला आणि पाय आपटून म्हणाला, "उचल आता!"

जमिनीनं उचलल्या. जड फरश्या हलक्यांपेक्षा वाईट कलंडल्या. एक तर अशी उभी राहिली होती की शेळी तिच्या आडोशाला निजली होती. त्याही वर्षी ढोल वाजला नाही.

राजा चौकात आला. फरशीच्या कडेवर जपून पाय ठेवत तो खेमाजीपाशी पोचला.

"खेमाजी, तुझी कमळं मला फार आवडतात," राजा म्हणाला. "पण पुढच्या पाणमोकळीलाही फरसबंदी अशीच झाली, तर मी हे सगळे दगड काढून टाकीन. मातीच बरी. चिखलात पडलं तर हाड तरी मोडत नाही."

राजा रागावला नव्हता, आणि तेच खेमाजीला जास्त लागलं. चिखल माझ्या दगडांपेक्षा बरा! तो मान खाली घालून घरी आला.

दुसऱ्या दिवशी त्याला ठकूमावशीकडे जात्याला टाकी लावायला जायचं होतं. ठकूमावशी उंचीनं लहान आणि आवाजानं मोठी. गावाच्या टोकाला एकटी राहायची. सलगम, मुळे, गाजरं जमिनीतल्या खड्ड्यांत जपून ठेवायची आणि हिवाळाभर गावाला पुरवायची.

आता एक सांगितलं पाहिजे. बर्फ वितळायच्या त्या दिवसांत गावातलं एकही दार धड उघडत नसे. उंबऱ्याखालची जमीन फुगे, उंबरा वर येई आणि दार अडके. लोक खांद्यानं धक्के मारून घरात शिरत. खेमाजीनंही सवयीनं ठकूमावशीच्या दाराला खांदा लावला आणि जोर केला. दार लोण्यासारखं उघडलं. खेमाजी हत्यारांसकट थेट चुलीपाशी जाऊन पडला.

"पडायचंच होतं तर आधी सांगायचं," ठकूमावशी म्हणाली. "गोधडी अंथरली असती."

खेमाजी उठला. त्यानं जात्याकडे पाहिलंच नाही. तो दारापाशी गेला, दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग खाली बसून त्यानं उंबऱ्यावर हात फिरवला. दगड ओबडधोबड होता, पण पाणसळ लावून बसवल्यासारखा सपाट.

"मावशी, हा उंबरा कधी वर येत नाही?"

"बावीस वर्षं झाली. केसभर हलला नाही."

"कोणी बसवला?"

"मीच. मला काही तुझ्यासारखं घडवता येत नाही. म्हणून मग खड्डा खोदला."

"खड्ड्याचा काय संबंध?"

ठकूमावशीनं हातातलं सलगम खाली ठेवलं. "हे बघ. पहिल्या वर्षी मी भाज्या नुसत्या मातीत पुरल्या. मातीनं पाणी धरलं. पाण्याचं बर्फ झालं. बर्फाला पाण्यापेक्षा जागा जास्त लागते. खाली सरकायला जागा नाही, म्हणून ते वर आलं. उन्हाळा लागला तेव्हा माझी सलगमं जमिनीतून डोकी काढून माझ्याकडेच बघत होती. दुसऱ्या वर्षी मी खाली फोडलेली खडी भरली आणि पाण्याला बाहेर जायला उतार दिला. पाणी आलं तसं निघून गेलं. पाणीच थांबलं नाही, तर थंडी फुगवणार कशाला? मग मी म्हटलं, जे सलगमाला चाललं ते उंबऱ्याला का चालू नये? गुडघाभर खणलं, खडी भरली, वर दगड ठेवला. झालं."

खेमाजीनं उंबऱ्याकडेची माती बोटानं उकरून पाहिली. तीस वर्षं तो दगडाशी बोलत आला होता. दगडाखालच्या मातीला त्यानं कधी काही विचारलंच नव्हतं.

"मावशी, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"विचारलंस कधी? जेव्हा बघावं तेव्हा तू वर कमळं कोरत बसलेला. मला वाटलं, एवढा मोठा कारागीर, त्याला सलगमवालीनं काय शिकवायचं?"

खेमाजीचे कान लाल झाले. मग तो हसला. हसता हसता त्यानं वाकून मावशीच्या पायांना हात लावला. म्हणाला, "आता विचारतो. शिकव."

जमीन पुरती मोकळी झाल्यावर चौकात काम सुरू झालं. खेमाजीनं नव्या-जुन्या सगळ्या कोरीव फरश्या उचलून कडेला रचल्या आणि चौक खणायला घेतला. गुडघाभर खोल, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दौलतनानाच्या दारापर्यंतची वाटही तशीच. तळ त्यानं नाल्याच्या बाजूला उतरता ठेवला. लोक काठावर उभे राहून थट्टा करू लागले. "खेमाजी, फरशी वर असते रे! खाली काय शोधतोस?"

"माझी अक्कल," खेमाजी म्हणायचा. "पडली असेल इथेच कुठेतरी."

आपल्या चुकीवर जो स्वतःच हसतो, त्याला किती वेळ हसणार? चार दिवसांत थट्टा करणारेच कुदळी घेऊन खड्ड्यात उतरले.

खडी भरायची वेळ आली तेव्हा खेमाजीनं आधी नदीचे गोटे आणले. जवळच होते, फोडायची मेहनत नव्हती. पण धुमसाचा, म्हणजे जमीन चोपायच्या जड ठोकळ्याचा, घाव बसला की ते गोल गोटे वाटाण्यासारखे इकडेतिकडे पळायचे. कितीही ठोका, एकमेकांना धरून बसेनात. ठकूमावशी म्हणाली, "फोडलेल्या दगडाला कोपरे असतात. कोपरे एकमेकांत अडकतात. गोट्यांना अडकायला आहेच काय?" गोटे परत नदीत गेले, आणि खाणीवरून फोडलेला दगड येऊ लागला.

वीतभर खडी पसरायची, धुमसानं ठोकायची. मग पुढची वीत. एकाच वेळी भरली असती तर वरून घट्ट आणि आतून पोकळ राहिली असती. काम कंटाळवाणं होतं. वीस माणसं वीस लाकडी धुमस घेऊन उभी राहत, पण कोणाचा आता पडे, कोणाचा मग.

तिसऱ्या दिवशी सगुणा दौलतनानाचा हात धरून त्याला घेऊन आली. नाना काठावर बसला, ढोल मांडीवर घेतला आणि बऱ्या झालेल्या हातानं हलकेच ताल धरला. धिन्. वीस धुमस एकदम पडले. धिन्. पुन्हा वीस. बायकांनी त्या तालावर गाणं धरलं, आणि बघता बघता दिवसाचं काम दुपारीच उरकलं.

नाना आणखी एक काम करी, जे डोळस माणसाला जमलं नसतं. ठोकून झालं की तो म्हणे, "थांबा. एकेकानं मारा." आणि कान लावून ऐके. "ही जागा पक्की. ही पक्की. इथं अजून पोकळ बोलतंय, आणखी ठोका." खेमाजी तिथं पहार खुपसून बघे. नाना एकदाही चुकला नाही.

असं सगळं छान चाललं होतं. आणि मग त्या वर्षी बर्फ वीस दिवस आधी पडलं.

खाणीची वाट बुजली, नदीकाठही बर्फाखाली गेला. चौकाच्या पूर्वेकडचा भाग अजून अर्धा रिकामा होता. पहिल्या वितेच्या वर खडी नव्हती, आणि गावात फोडायला दगड उरला नव्हता.

राजा शाल गुंडाळून आला. त्यानं ते पाहिलं आणि मऊ आवाजात म्हणाला, "पूर्वेचा कोपरा माती भरून झाकून टाक. वरून सारखंच दिसेल. कोणाला कळणार आहे?"

"महाराज, दौलतनाना चौकात येतात ते पूर्वेकडूनच," खेमाजी म्हणाला.

राजानं पूर्वेच्या वाटेकडे पाहिलं. आणि हळूहळू एकेकाची नजर कडेला रचलेल्या कोरीव फरश्यांकडे वळली. पाहून न पाहिल्यासारखं करत लोक परत जमिनीकडे बघू लागले. ते बोलून दाखवायची हिंमत ठकूमावशीलाही झाली नाही.

खेमाजी फरश्यांपाशी गेला. सगळ्यात वरच्या फरशीवर भुरभुर बर्फ साचलं होतं. त्यानं ते हातानं झाडलं. कमळ दिसलं. लग्नाच्या वर्षी कोरलेलं. तेव्हा सगुणा शेजारी बसून म्हणाली होती, एक पाकळी जरा वळलेली असू दे, खरं वाटेल. ती वळलेली पाकळी होती तशीच होती.

त्यानं सगुणेकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती म्हणाली, "कमळं तुमच्या हातात आहेत. दगडात नाहीत. उचला घण."

पहिला घाव हलकाच बसला. दुसरा घाव पुऱ्या ताकदीचा होता. फरशी दुभंगली.

"हा कसला आवाज?" दौलतनानानं विचारलं.

"कमळाचा, नाना," खेमाजी म्हणाला.

नानाचा हात ढोलावर थांबला. क्षणभर चौकात फक्त बर्फ पडत होतं. मग नानानं ताल धरला, पण कामाचा नाही. देवळात पालखी निघताना धरतात तो. त्या तालावर खेमाजीनं एकामागून एक सगळ्या फरश्या फोडल्या. लोकांनी पाकळ्या नि देठ पाट्यांत भरून खड्ड्यात ओतले. धुमस पडले. कोरीव दगडाचे कंगोरे एकमेकांत असे रुतून बसले, जणू त्यासाठीच घडवले होते.

नानानं ऐकलं. "आता कसं डोंगरासारखं बोलतंय," तो म्हणाला.

वरती चार बोटं वाळूचा थर पडला. त्यावर खेमाजीनं उन्हाळ्यातच घडवून ठेवलेले साधे, एका हातात मावतील असे लहान दगड बसवले. मोठी फरशी एका कोपऱ्यात उचलली की सगळीच कलंडते, लहान दगड आपलं आपण सांभाळून घेतात. फटींत त्यानं चुना भरला नाही, वाळूच भरली, म्हणजे दगडांना थोडं अंग हलवायला जागा राहील. कडेनं लांब दगड उभे पुरले, म्हणजे एकही दगड बाहेर सरकायला नको. शेवटचा दगड बसला त्या संध्याकाळी मोठं बर्फ सुरू झालं, आणि सकाळी चौक कुठं आहे तेही दिसेना.

मग पाच महिने वाट बघणं आलं. खेमाजी रोज खिडकीशी उभा राहायचा. सगुणा म्हणायची, "बघून काय दिसतंय?" तो म्हणायचा, "बर्फ." ती म्हणायची, "मग भाकरी खा." आणि तो बसून जवाची भाकरी खायचा.

एका सकाळी कड्यावरचं झुंबर तडकलं. पाणी सुटलं. पाणमोकळी आली.

सगळा गाव चौकाकडे धावला. खेमाजी मात्र घराच्या ओट्यावर पाठ फिरवून बसला. त्याला बघवेना. "तूच बघून ये," तो सगुणेला म्हणाला.

सगुणा गेली ती परत येईचना. शेवटी खेमाजीलाच राहवलं नाही. तो चौकाच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथंच थबकला.

गाव दोन्ही बाजूंना ओळीनं उभा होता. बर्फाचं पाणी दगडांच्या फटींतून खाली जिरत होतं, आणि नाल्याच्या बाजूनं झुळझुळ बाहेर पडत होतं. ओल्या वाटेवरून दौलतनाना येत होता. एकटा. गळ्यात ढोल, हातात काठी नाही. पहिल्यांदा पाऊल जपून पडत होतं. साठाव्या पावलापाशी तो जरा अडला. त्यानं पायाच्या अंगठ्यानं पुढची जागा चाचपली. मग पाऊल टाकलं, आणि पुढं तो भरभर चालू लागला.

चौकाच्या मध्यात येऊनही तो चालतच राहिला. राजानं पुढं होऊन त्याच्या खांद्याला हात लावला. "नाना, पोचलात."

"पोचलो?" दौलतनाना म्हणाला. "अरे, मग वाट संपली कधी?"

हसण्याचा जो कल्लोळ उठला, त्यानं झाडांवरचं उरलंसुरलं बर्फ खाली आलं. नानानं ढोलावर थाप मारली. दोन वर्षं साठलेला ताल त्या चौकात एकदम सुटला. लोकांनी हात धरले. ठकूमावशीनं राजाला ओढलं, राजानं वैद्याला ओढलं, आणि सगुणेनं कोपऱ्यात डोळे पुसत उभ्या असलेल्या खेमाजीला. फेर इतका मोठा झाला की चौक पुरेना, तो वाटेवर गेला, वाटेवरून परत आला. नाचताना कोणीही खाली पाहिलं नाही.

त्या फरसबंदीची कीर्ती खिंडीपलीकडे गेली. तिकडची माणसं दोन दिवसांची वाट तुडवून बघायला आली. त्यांनी चौकात गोल गोल फिरून पाहिलं, वाकून पाहिलं, आणि हिरमुसून म्हणाली, "पाथरवटबुवा, यात बघण्यासारखं काहीच नाही."

"नाहीच," खेमाजी आनंदानं म्हणाला. "तुमच्या गावात करायचीय का अशी?"

"करायची तर आहे. दगड कुठून आणायचे ते सांगा."

खेमाजीनं त्यांना गूळपाणी दिलं, जवळ बसवलं आणि म्हणाला, "दगडांचं सगळ्यात शेवटी. आधी माझ्याबरोबर चला. आमच्या गावाच्या टोकाला एक मावशी राहते. ती काय सांगते ते नीट ऐका. आणि हो, तिचं दार जोरानं ढकलू नका."

म्हणून थोरामोठ्यांनी आणि लहानग्यांनी ध्यानात ठेवावं: दिसणारं काम कौतुकाचं असतं, पण टिकतं ते न दिसणाऱ्या कामाच्या जिवावर.